वजन उतरले, पण ताकद कुठे गेली?

भिलाई-३ च्या रेल्वे वसाहतीत काय किंवा दुर्ग-राजनांदगावच्या मराठी घरांत काय, मुलगा मुष्टियुद्धाच्या स्पर्धेला निघाला की आईला पहिली काळजी वाटते ती ठोशांची. नाक तर फुटणार नाही ना? दात तर पडणार नाही ना? पण स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत तो ताटावरून अर्धपोटी का उठतो, पाण्याचा तांब्या बाजूला का सारतो आणि छत्तीसगडच्या रणरणत्या उन्हात अंगात स्वेटर चढवून मैदानाला फेऱ्या का मारतो, हे विचारायचे तिला सुचत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले, "वजन उतरवायचंय, आई!"

मुष्टियुद्धात बरोबरीच्या शरीराची दोन माणसे समोरासमोर यावीत म्हणून वजनगट ठरवलेले असतात. पळवाट त्यातूनच निघते. ५२ किलोच्या मुलाला वाटते, दोन किलो उतरवून खालच्या गटात शिरलो तर समोर माझ्यापेक्षा लहान मुलगा येईल. गंमत अशी की समोरचाही हाच हिशेब करून आलेला असतो. मग दोघेही उपाशी, दोघेही तहानलेले, आणि फायदा कुणालाच नाही.

शंभर ग्रॅमचा हा छळ साऱ्या देशाने पाहिला तो ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी. खेळ कुस्तीचा होता, पण दुखणे तेच. ५० किलो गटात विनेश फोगट पहिल्या दिवशी काट्यावर बरोबर उतरली आणि तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली. दिवसभरात पोटात गेलेल्या अन्नपाण्याने वजन पुन्हा वर चढले. भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी, मुंबईचे डॉ. दिनशॉ पारडीवाला आणि बाकीची मंडळी रात्रभर तिच्यासोबत जागली. व्यायाम झाला, बाष्पस्नान झाले, शेवटी केसही कापले. तरी दुसऱ्या सकाळी काटा १०० ग्रॅम पुढेच राहिला आणि ती स्पर्धेतून बाद झाली. शरीरातले पाणी इतके कमी झाले होते की तिला सलाईन लावावे लागले.

प्रत्येक वेळी शेवट असा होत नाही आणि म्हणूनच मोह सुटत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये मेरी कोम पोलंडमधल्या स्पर्धेसाठी पहाटे पोचली, तेव्हा तिचे वजन दोन किलो जास्त होते आणि वजनाला उरले होते जेमतेम चार तास. तिने तासभर दोरीवरच्या उड्या मारल्या, वजन उतरवले आणि सुवर्णपदकही जिंकले. अशी गोष्ट पोरांच्या कानावर लगेच जाते. मात्र मेरीच्या मागे कितीतरी वर्षांची तयारी होती, हे कुणी सांगत नाही.

वजन घ्यायचे तरी कधी?

खरी गोम इथे आहे. हौशी मुष्टियुद्धात ज्या दिवशी लढत, त्याच सकाळी वजन घेतात आणि वजन व पहिली लढत यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवतात. व्यावसायिक लढतींत वजन आदल्या दिवशी होते. आदला दिवस सोयीचा वाटतो, कारण खायला-प्यायला, सावरायला वेळ मिळतो. पण वेळ आहे म्हटल्यावर माणूस दोनऐवजी सहा-सात किलो उतरवायला धजावतो! फेब्रुवारी २००० मध्ये न्यूयॉर्कला आर्तुरो गाट्टी आदल्या दिवशी १४१ पौंडांच्या मर्यादेत बसला. लढतीच्या रात्री टीव्ही वाहिनीच्या अनधिकृत काट्यावर तो १६० पौंड भरला. समोरचा जोई गमाश दुसऱ्याच फेरीत कोसळला आणि पुन्हा कधी रिंगणात उतरला नाही. प्रकरण कोर्टात गेले. वजन घेण्यात हलगर्जी झाली, हे २०१० मध्ये कोर्टाने मान्य केले, पण भरपाई मिळाली नाही.

मग सकाळचेच वजन बरे? अंशतः. वेळ थोडा म्हटल्यावर फार वजन उतरवण्याची हिंमत होत नाही. पण ज्याने उतरवलेच, तो तीन तासांत पुरता भरून निघत नाही आणि कोरड्या शरीरानिशीच ठोसे खायला उभा राहतो. म्हणून नुसती वेळ बदलून भागत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर रबरी पोशाख घालून, गरम खोलीत घाम गाळता गाळता दगावले, तेव्हा तिथे डोळे उघडले. रबरी पोशाखांवर आणि बाष्पस्नानावर बंदी आली, वजन लढतीच्या अगदी जवळ आणले गेले आणि मोसमाच्या सुरुवातीलाच शरीरातले पाणी व चरबी तपासून प्रत्येकाचे किमान वजन ठरवले जाऊ लागले. त्याच्या खाली उतरायचेच नाही. आपल्याकडच्या जिल्हा स्पर्धांतही अशी तपासणी व्हायला काय हरकत आहे?

घाईने उतरते ते वजन चरबीचे नसते, पाण्याचे असते. पाणी घटले की रक्ताचे प्रमाण कमी होते, हृदयाची धडधड वाढते, घाम नीट येत नाही आणि अंगातली उष्णता आतच कोंडते. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात हे किती महागात पडेल, हे निराळे सांगायला नको. डोके दुखणे, भोवळ, पोटऱ्यांत गोळे, गडद पिवळी लघवी ही लक्षणे दिसली की सराव तिथेच थांबवावा. मुलगा बरळू लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर अंग गार करत थेट दवाखाना गाठावा. मुलींच्या बाबतीत आणखी एक खूण आहे, ती म्हणजे पाळी बंद होणे. 'खेळामुळे होतं तसं' म्हणून ते झटकून टाकू नये. उपासमारीने हाडेही ठिसूळ होतात.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे तर नावच नको. त्या खेळात बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहेत. २००३ च्या विश्वचषकाच्या तोंडावर शेन वॉर्न अशाच गोळीपायी वर्षभरासाठी क्रिकेटबाहेर गेला. गोळी आईने दिली होती, असे त्याने सांगितले होते!

मोठ्या खेळाडूला वजन खरेच कमी करायचे असेल तर आठवड्याला अर्धा-एक किलो, तेही काही आठवडे आधीपासून. वाढत्या वयाच्या मुलाने मात्र उतरवूच नये. अंग भरतेय तर वरच्या गटात जावे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीत ते त्यावरच्या बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले.

आणि स्पर्धेच्या सकाळी आईने पिशवीत काय द्यावे? वजन झाल्यावर घोट घोट प्यायला मीठ-साखरेचे पाणी, दोन केळी, मऊ भात. भिलाईच्या शेजारणी बोरे-बासी सुचवतील. भात, पाणी, मीठ सगळेच त्यात आहे. पण मुलाच्या पोटाला सवय असेल तरच द्यावी. तळलेले काही नको, आणि पोटभर तर नकोच. लढत तीन तासांवर असते.