आधी ‘सा’ सापडू द्या

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात एखाद्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी उपासनेचे गाणे सुरू होते, तेव्हा पट्टी कोणी सांगत नाही. एखादी मावशी डोळे मिटते आणि आपल्या गळ्याला झेपेल तिथून पहिली ओळ उचलते. ढोलक लगेच मिळते. कीबोर्डवर बसलेला मुलगा मात्र ओळभर नुसता ऐकतो. दुसऱ्या ओळीला एक स्वर हलकेच दाबून पाहतो, शेजारच्या पट्टीवर सरकतो, आणि ध्रुपद फिरून येईपर्यंत त्याचे दोन्ही हात गाण्यात उतरलेले असतात. समोर कागद नसतो, स्वरलिपी तो कधी शिकलेला नसतो. गाणे मराठी असो, मावची बोलीतले असो की सीमेपलीकडून आलेले गुजराती, रीत हीच.

‘देवाने त्याला कान दिलाय’, असे लोक कौतुकाने म्हणतात. ते खरेच आहे. पण विज्ञान त्यात एक आनंदाची भर घालते. हा कान त्या एकट्याला मिळालेला नाही, तो जवळजवळ प्रत्येकाला मिळालेला आहे. त्याने तो कामाला लावला, एवढाच फरक.

एखादा स्वर नुसता ऐकून ‘ही काळी दोन’ असे बिनचूक सांगणारी माणसे फार थोडी असतात. दहा हजारांत एखादे, असा अंदाज नेहमी दिला जातो. कानाने वाजवण्यासाठी ती शक्ती लागतच नाही. लागते ती दोन स्वरांमधले अंतर ओळखण्याची जाण. कीबोर्डच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक सेकंदाला सुमारे २६१.६ कंपने करते आणि तिचा पंचम, म्हणजे पांढरी पाच, ३९२. हेच गाणे काळी एकमधून गायले, तर ‘सा’ २७७.२ कंपनांचा आणि ‘प’ ४१५.३ कंपनांचा होतो. सगळे आकडे बदलले, पण ‘प’ला ‘सा’ने भागून पाहा, उत्तर दोन्ही वेळा जवळजवळ दीडच येते. आपला मेंदू चाल लक्षात ठेवतो ती या गुणोत्तरांच्या रूपात. म्हणून आजीने खालच्या पट्टीत आणि नातीने वरच्या पट्टीत म्हटलेले एकच भजन आपल्याला एकच वाटते.

ही जाण किती आधीपासून असते? कॅनडातल्या टोरांटोमध्ये सँड्रा ट्रेहब यांनी वर्षाच्या आतल्या बाळांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ओळखीची झालेली छोटी सुरावट वेगळ्या पट्टीत वाजवली, तर बाळांना ती फारशी नवी वाटत नाही. पण तिचे चढ-उतार बदलले, की ती चटकन लक्ष देतात. बोलायला येण्याआधीच माणसाला सुरावटीचा आकार कळतो. मोठेपणीही नवे गाणे ऐकताना आधी हा आकारच मनात बसतो. नेमकी अंतरे मागाहून पक्की होतात.

शिकणाऱ्याने हाच क्रम धरावा. पहिल्या दिवशी कीबोर्डला हातही लावू नये. गाणे गुणगुणावे आणि हवेत हाताने त्याचा आकार काढावा: इथे चढले, इथे थांबले, इथे घसरले. मग ‘सा’ शोधावा. बहुतेक भक्तिगीतांत ध्रुपदाच्या शेवटी सूर ज्या ठिकाणी येऊन निवांत होतो, तिथे ‘सा’ असतो. तो स्वर गळ्यात धरून ठेवावा आणि मगच पट्ट्यांवर त्याची जागा शोधावी. ‘सा’ सापडला, की बाकीचे स्वर त्याच्यापासूनच्या अंतराने आपापल्या जागी मिळू लागतात. घाईने पट्ट्या चाचपडणारा महिनाभर चाचपडतच राहतो. जे गळ्यात आले आहे, ते बोटांत यायला फार वेळ लागत नाही.

उजव्या हाताला चाल मिळाली, की डाव्या हाताचा प्रश्न येतो. त्याचे उत्तर तानपुऱ्यात आहे. सुरेल लागलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. कारण असे की तार अखंड कंप पावते, तशीच ती दोन, तीन, चार, पाच, सहा भागांतही कंप पावते. मूळ कंपनाला ‘सा’ धरले तर दुप्पट कंपन म्हणजे वरचा ‘सा’, तिप्पट म्हणजे ‘प’, चौपट पुन्हा ‘सा’, पाचपट ‘ग’ आणि सहापट ‘प’. पियानोची तारही हेच करते. सा-ग-प एकत्र दाबल्यावर कानाला घर सापडल्यासारखे वाटते, यामागचे मोठे कारण हे आहे. एका स्वराच्या पोटात जे आधीच दडलेले असते, तेच ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांची जुळणी, उघडून दाखवते. या तीन स्वरांच्या कंपनांचे गुणोत्तर ४:५:६ असे सोपे येते.

आता एक साधा हिशेब पाहू. सा-ग-प ही पहिली कॉर्ड, म-ध-सा ही दुसरी, प-नी-रे ही तिसरी. या तिन्हींत मिळून सातही शुद्ध स्वर आले. म्हणजे शुद्ध स्वरांतल्या चालीचा कोणताही स्वर घ्या, तो या तिघींपैकी एकीत तरी असतोच. पांढरी एक ‘सा’ धरली तर पट्ट्या होतात एक-तीन-पाच, चार-सहा-एक आणि पाच-सात-दोन. जगभरची असंख्य उपासनागीते या तीन कॉर्डवर उभी आहेत. चौथी म्हणजे ध-सा-ग. तिचा रंग उदास, व्याकूळ. पहिल्या तिघींतही ‘सा’ आणि ‘प’ हे दोन स्वर मात्र दोन-दोन कॉर्डमध्ये येतात. तिथे कोणती घ्यायची, हे गाण्याच्या तळाशी चाललेला जाड, खालचा स्वर सांगतो.

हा खालचा स्वर ऐकताना मोबाइल फसवतो. त्याचा चिमुकला स्पीकर १०० कंपनांचा स्वर नीट वाजवूच शकत नाही. त्या स्वराची २००, ३००, ४०० ही पटीतली कंपने मात्र वाजवतो, आणि त्यांवरून मेंदू गैरहजर असलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मेंदूची ही करामत मोठी असली तरी शिकणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. कानाला हेडफोन लावून ऐकावे. तळाचा स्वर स्पष्ट होतो.

मात्र प्रत्येक गाण्याला कॉर्ड चिकटवणे योग्य नाही. मराठी ख्रिस्ती उपासनेत चालींचे वेगवेगळे प्रवाह आहेत. मिशनऱ्यांबरोबर आलेल्या पाश्चात्त्य चाली कॉर्डच्या चौकटीतच घडलेल्या. दुसरीकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग, ओवी आणि कीर्तनाची वाट खुली केली. तिसरा प्रवाह आपल्या आदिवासी बोलींतल्या गीतांचा. देशी वळणाची चाल एका ‘सा’च्या आधारावर फिरते आणि तिचे सौंदर्य मिंडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्यात असते. भैरवीच्या कोमल स्वरांवर शुद्ध स्वरांच्या तीन कॉर्ड दाबल्या, तर चालीचा जीव गुदमरतो. अशा वेळी डाव्या हाताने नुसता सा-प धरावा आणि उजव्या हाताने गाणाऱ्याच्या मागे जावे. कोणत्या गाण्याला काय मानवते, हे ओळखणे हाही कान तयार होण्याचाच भाग आहे.

कीबोर्डची एक मर्यादाही ओळखून असावे. कोणत्याही पट्टीत वाजवता यावे म्हणून त्यात सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक स्वर मागच्यापेक्षा सुमारे ६ टक्के जास्त कंपनांचा. या सोयीची किंमत गंधाराला मोजावी लागते. तानपुऱ्यातला गंधार ‘सा’च्या १.२५ पट, तर कीबोर्डवरचा सुमारे १.२६ पट. तयार कानाला तो किंचित चढा लागतो. पेटीवर १९४० साली आकाशवाणीत बंदी आली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली, तिच्या मागच्या आक्षेपांत हा एक होता. गळा सुरेल असेल तर तो आपला गंधार आपणच धरतो. वाजवणाऱ्याने तिथे पट्टी जोराने दाबू नये, एवढे पुरे.

आता हाताकडे येऊ. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये अमीर लहाव, इलियट साल्ट्झमन आणि गॉटफ्रीड श्लाउग यांनी संगीत न शिकलेल्या माणसांना पाच दिवसांत पियानोवर एक छोटी चाल कानाने वाजवायला शिकवली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. हात अगदी स्थिर होते, फक्त शिकलेली चाल ऐकवली जात होती. तरीही हालचालींशी संबंधित भाग जागे झाले. तितक्याच परिचयाची, पण हाताने न वाजवलेली चाल ऐकवल्यावर हा प्रतिसाद बराच कमी होता. कान आणि बोटे यांच्यात पाच दिवसांत पाऊलवाट पडली होती.

ही वाट झोपेत पक्की होते. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बोटांच्या ठरावीक क्रमाचा सराव करून घेतला, तेव्हा रात्रीच्या झोपेनंतर, मधे काहीही सराव न करता, लोकांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणून शनिवारी रात्री चार तास घासण्यापेक्षा आठवडाभर रोज वीस मिनिटे बसणे आणि वेळेवर झोपणे जास्त फळ देते.

नंदुरबारच्या डोंगराळ भागाला हे शिक्षण नवे नाही. भोपळा, बांबू आणि शिंगासारखे तोंड असलेली पावरी डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्रभर वाजते. ती वाजवणाऱ्यांनी कुठली स्वरलिपी वाचली? थोरांच्या शेजारी बसून, ऐकून, चुकून, पुन्हा वाजवून ते शिकले. गावोगावच्या भजनी मंडळांतले पेटीवाले असेच तयार झाले. वाद्य बदलले, उपासना वेगळी झाली, तरी कानाची शाळा तीच राहिली.

म्हणून पालकांना, शिक्षकांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. एखादे मूल उपासना संपल्यावर कीबोर्डभोवती घुटमळत असेल, तर ‘आधी क्लास लाव’ म्हणून त्याला हटकू नका. स्वरलिपी जरूर शिकवा, तीही मोलाची आहे; पण बाळ आधी बोलते आणि मग अक्षरे गिरवते, तोच क्रम इथेही राहू द्या. त्याला शेजारी बसवा, एक ओळ गाऊन घ्या आणि तिचा ‘सा’ त्याचा त्याला शोधू द्या. दोन-चार पट्ट्या चुकतील. त्या चुकू द्या.