सहलीचा गटप्रमुख बेजबाबदार असेल तर काय करावे?

पावसाळा ओसरू लागला की रायपूरमधील शाळा, महाविद्यालये, युवक मंडळे आणि हौशी भ्रमण गट सहलींचे बेत आखू लागतात. धमतरीजवळचा महानदीवरील गंगरेल जलाशय, गरियाबंद जिल्ह्यातील जतमई आणि घटारानी हे धबधबे एका दिवसात पाहून येण्यासारखे आहेत. दोन-तीन दिवसांची सवड असेल, तर सुमारे तीनशे किलोमीटर दक्षिणेस बस्तरमधील चित्रकोट, तीरथगड आणि कुटुमसरची गुहा तरुणांना खुणावते. रायपूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही अशा सहलींना जातात.

मुलाला पाठवताना पालक खर्चाची, मुक्कामाची आणि जेवणाची चौकशी करतात. मात्र ज्याच्या एका शब्दावर तीस-चाळीस मुले पाण्यात उतरणार किंवा कड्याच्या टोकाशी जाणार, त्या गटप्रमुखाविषयी क्वचितच कोणी काही विचारते. गेल्या तीन दशकांतील दुर्घटना पाहिल्या, तर हीच चौकशी सर्वांत महत्त्वाची असल्याचे दिसून येते. निसर्गातील धोका बहुधा आधीपासून ठाऊक असतो. तो ठाऊक असूनही पुढे जाण्याचा निर्णय कोणी घेतला आणि त्याला कोणी अडवले का नाही, हा खरा प्रश्न असतो.

ठाऊक असलेले धोके

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्यातील आबेदा इनामदार महाविद्यालयाचे शंभराहून अधिक विद्यार्थी रायगड जिल्ह्यातील मुरुड येथे सहलीला गेले होते. समुद्रात उतरलेल्या विद्यार्थ्यांपैकी १४ जणांचा बुडून मृत्यू झाला. कोकणचा किनारा वरून शांत दिसला, तरी भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची ओढ अनोळखी माणसाला कळत नाही. ती स्थानिकांना विचारून घेणे आणि त्यानुसार मुलांना किनाऱ्यावर थांबवणे, हे सोबतच्या मोठ्या माणसांचे काम असते.

८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यातील थलौट येथे हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी छायाचित्रे काढण्यासाठी बियास नदीच्या पात्रात उतरले होते. वरच्या बाजूच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडण्यात आले आणि काही क्षणांत पात्र भरले. २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहल संयोजक वाहून गेले. धरणाच्या खालच्या बाजूचे कोरडे दिसणारे पात्र खेळण्याची जागा नव्हे, हा या घटनेचा धडा आहे. गंगरेलला जाणाऱ्या प्रत्येक गटाने तो ध्यानात ठेवावा.

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्यातील हरणी तलावात शालेय सहलीची नौका उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नौकेत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक मुले बसवण्यात आली होती आणि अनेकांच्या अंगात जीवरक्षक जॅकेट नव्हते. नौका ठेकेदाराची असली, तरी मुलांना तीत बसू द्यायचे की नाही, हे सोबतच्या मोठ्यांनाच ठरवायचे असते.

न्यायालयाची भूमिका

अशा घटनांत गटप्रमुखाची व संस्थेची जबाबदारी कोठवर जाते, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये केला. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटजवळच्या बधानी येथील एका शाळेतील १४ लहान मुले सहलीदरम्यान बियास नदीत बुडाली होती. मृत मुलांच्या पालकांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. शिक्षकांच्या निष्काळजीपणाचा भार शाळेच्या व्यवस्थापनावरही येतो, हे तत्त्व या निकालाने अधोरेखित केले.

या निकालातील एक विचार प्रत्येक सहल संयोजकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. काळजीचे प्रमाण परिस्थितीनुसार बदलते. मुलांना दुसऱ्या शाळेच्या इमारतीत खेळांसाठी नेले, तर ती जागा सुरक्षित असल्याची खात्री पुरेशी ठरू शकते. नदीकाठी नेल्यावर मात्र कितीतरी अधिक दक्षता घ्यावी लागते आणि तीत कोणत्याही कारणाने सूट मिळत नाही. ‘येथे सगळेच पोहतात, पाणी सुरक्षित आहे,’ अशा ऐकीव माहितीवर विसंबणे म्हणजे काळजी घेणे नव्हे.

२०१४ च्या बियास दुर्घटनेतही हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक मृत विद्यार्थ्यामागे २० लाख रुपये भरपाई ठरवली आणि तिचा भार वीज मंडळ, महाविद्यालय व राज्य शासन अशा तिघांवर टाकला. चूक एकाहून अधिक हातांनी झाली असेल, तर जबाबदारीही वाटली जाते, असा याचा अर्थ होतो.

फौजदारी कायद्यानुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पूर्वीच्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षे होती. सहलीपूर्वी ‘काही घडल्यास संस्था जबाबदार नाही’ अशा मजकुराच्या हमीपत्रावर पालकांची स्वाक्षरी घेण्याची पद्धत सर्रास आढळते. अशा कागदाने फौजदारी जबाबदारी पुसली जात नाही.

महाराष्ट्रात पदभ्रमणादरम्यान मुलगा गमावलेल्या पालकांनी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. त्या पाठपुराव्यानंतर राज्य शासनाने साहसी उपक्रमांसाठी २०१८ मध्ये सुरक्षाविषयक मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद करण्यात आली. सह्याद्रीतील मोहिमेसाठी मुलाला पाठवणारे रायपूरचे पालक आयोजकाकडे नोंदणीचा पुरावा मागू शकतात. महाराष्ट्राचे नियम त्या राज्याच्या हद्दीपुरतेच लागू होतात. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले दक्षतेचे तत्त्व मात्र बस्तरच्या धबधब्यापाशीही तितकेच लागू आहे.

धोक्याची पूर्वसूचना

बेजबाबदारपणा ऐन संकटात अचानक प्रकट होत नाही. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधील लाइम उपसागरात कयाक या छोट्या वल्ह्याच्या होड्यांतून निघालेल्या शालेय गटातील चार किशोरवयीन विद्यार्थी मरण पावले. साहस केंद्रातील दोन प्रशिक्षकांनी सुरक्षेतील त्रुटींविषयी व्यवस्थापनाला आदल्या वर्षीच लेखी इशारा दिला होता आणि नोकरी सोडली होती. इशाऱ्याची दखल घेतली गेली नाही. १९९४ मध्ये कंपनी आणि तिचा व्यवस्थापकीय संचालक सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले व संचालकाला कारावास झाला. १९९५ मध्ये ब्रिटनच्या संसदेने अल्पवयीनांसाठीच्या साहस केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा संमत केला.

पूर्वसूचना देणारी लक्षणे ओळखणे अवघड नाही. हवामानाचा अंदाज पाहण्याची टाळाटाळ, निघण्याची वेळ ठरलेली, परतण्याची मात्र मोघम, हजेरीचा कंटाळा, घाबरणाऱ्या मुलाची थट्टा, प्रश्न विचारणाऱ्यावर राग, आणि पूर्वी थोडक्यात टळलेल्या अपघाताची शौर्यकथा म्हणून फुशारकी. यांपैकी शेवटचे लक्षण सर्वांत चिंताजनक मानावे. नशिबाने वाचल्याला जो कौशल्य समजतो, तो पुढील वेळी आणखी एक पाऊल पुढे टाकतो.

निघण्यापूर्वी

बेजबाबदार गटप्रमुखाला आवर घालण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे निघण्यापूर्वीची बैठक. पालकांनी आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. गटप्रमुखाने ती जागा याच ऋतूत पूर्वी पाहिली आहे काय? प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणाला आहे? प्रत्येक किती मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती आहे? मुले पाण्यात उतरणार असतील, तर पोहण्यात व बचावकार्यात तरबेज कोण आहे? जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे? कोणत्या परिस्थितीत बेत रद्द होईल?

शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. ‘धबधब्याचे पाणी गढूळ होऊन वाढू लागले तर मागे फिरायचे’, ‘दुपारी तीन वाजता जेथे असू तेथून परतायचे’, असे नियम घरी, शांत डोक्याने ठरवलेले असावेत. जागेवर पोहोचल्यानंतर उत्साह, दमणूक आणि वाया जाणारा खर्च यांचे दडपण निर्णयावर येते.

त्याचबरोबर, सहलीत सामील नसलेली एक व्यक्ती शहरात संपर्कप्रमुख म्हणून नेमावी. तिच्याकडे मुलांची यादी, मार्ग, वाहनचालकाचा क्रमांक आणि परतीची वेळ असावी. बस्तरच्या जंगलात अनेक ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही. त्यामुळे ठरलेल्या वेळेनंतर निरोप न आल्यास मदत मागवण्याचा अधिकार या व्यक्तीला आधीच दिलेला असावा.

जागेवर

इतके करूनही प्रत्यक्ष सहलीत गटप्रमुख ऐकेनासा झाला तर? सहप्रमुखाने प्रथम मुलांना धोक्यापासून दूर करावे आणि वाद नंतर घालावा. ‘सर, सगळ्यांना बाहेर बोलावून एकदा मोजणी करू या,’ असे म्हटल्यास गटप्रमुखाचा मान राहतो आणि मुले पाण्याबाहेर येतात. त्यानंतर त्याला बाजूला घेऊन नेमके कारण सांगावे: पाणी मघापेक्षा वर आले आहे, दोन मुलांना पोहता येत नाही, दोर नाही. ‘मला बरे वाटत नाही’ अशा मोघम बोलण्यापेक्षा डोळ्यांना दिसणारी वस्तुस्थिती टाळणे कठीण असते.

तरीही त्याने ऐकले नाही, तर इतर मोठ्यांच्या साक्षीने ‘मी मुलांना पुढे नेणार नाही’ असे स्पष्ट सांगावे, मुलांसह सुरक्षित जागी थांबावे आणि संस्थेला कळवावे. जीवाला धोका असेल, तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधावा. गट विखुरला जाणार नाही आणि कोणी एकटा मागे राहणार नाही, याची दक्षता मात्र घ्यावी.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘दादा, मी येत नाही’ असे म्हणणे फार जड जाते. ‘भित्रा’ हा शिक्का त्याला पाण्याहून भयंकर वाटतो. म्हणून नकार देण्याचा अधिकार त्याला घरूनच दिलेला असावा. नाही म्हटल्याबद्दल कोणीही रागावणार नाही आणि बुडालेले पैसे कोणीही काढून दाखवणार नाही, हे आईवडिलांनी निघताना स्पष्ट शब्दांत सांगावे. कोणी बुडत असल्यास मागोमाग उडी न घेता दोर, लांब फांदी किंवा ओढणी पुढे करावी, हेही मुलांना ठाऊक असावे. एकाला वाचवताना अनेक जण बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात.

परतल्यावर

सर्व मुले सुखरूप परतली की चुकांवर पडदा टाकण्याकडे कल असतो. वास्तविक थोडक्यात टळलेला अपघात हीच सुधारणेची सर्वांत स्वस्त संधी होय. काय घडले, कोठे, किती वाजता, कोणी काय सांगितले, हे दोन दिवसांच्या आत लिहून संस्थेच्या प्रमुखाला द्यावे व त्याची पोच घ्यावी. तक्रारीत विशेषणे नकोत, तपशील हवेत. संस्थेने संबंधिताची बाजू ऐकावी. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याच्याकडे मुलांची जबाबदारी सोपवू नये. दखल घेतली न गेल्यास शिक्षण विभाग किंवा पोलिसांकडे जाण्याचा मार्ग पालकांना खुला असतो.

तक्रार करताना अनेकांना संकोच वाटतो, कारण असा गटप्रमुख बहुधा मुलांचा लाडका, फुकट वेळ देणारा आणि उत्साही असतो. या संदर्भात थायलंडमधील थाम लुआंग गुहेची घटना बोलकी आहे. २३ जून २०१८ रोजी फुटबॉल संघातील १२ मुले आणि त्यांचा तरुण प्रशिक्षक या गुहेत शिरले. पावसाळ्यातील पुराचा इशारा देणारा फलक गुहेच्या तोंडाशी होता. पाणी चढले आणि सर्व जण आत अडकले. अंधारात प्रशिक्षकाने मुलांना धीर दिला, याचे जगभर कौतुक झाले. १० जुलैपर्यंत सर्वांची सुटका झाली. मात्र बचावकार्यात नौदलाच्या एका माजी पाणबुड्याने प्राण गमावले. मुलांवरील माया खरी असली, तरी आत शिरण्याचा निर्णय त्यामुळे बरोबर ठरत नाही. बस्तरमधील कुटुमसरची गुहा पावसाळ्यात बंद ठेवली जाते, त्या बंदीकडे याच नजरेने पाहायला हवे.

तेव्हा गटप्रमुखाविरुद्ध तक्रार करणे म्हणजे त्याला वाईट ठरवणे नव्हे. त्याला प्रशिक्षण द्यावे, अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली ठेवावे आणि तरीही बदल न झाल्यास दूर करावे, हा क्रम न्याय्य ठरेल. जंगल, नदी आणि डोंगर यांची ओळख मुलांना व्हायलाच हवी. भीतीपोटी सहली बंद करणे हा उपाय नव्हे. मात्र एकाच माणसाच्या मर्जीवर तीस-चाळीस जीव सोडून देणेही योग्य नव्हे. पुढील सहलीच्या सूचनापत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी पालकांनी एवढे तरी विचारावे: परत फिरण्याचा निर्णय कोण घेणार, आणि त्याने तो घेतला नाही तर त्याला थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे?