पोलिसांनी सोडले, दारूने सोडले का?

दारू पिऊन मोटारसायकल चालवताना भाऊ पकडला गेला. यंत्रात फुंक मारायला लावली, केस झाली. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त दारू निघाली की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद, दंड १५,०००. मजुरीच्या घरात एवढी रक्कम कुठून येते, हे बायांना विचारा.

सुटून आला की तो मान खाली घालून म्हणतो, आता थेंबही नाही. हा पश्चात्ताप खोटा नसतो. विहारात जाऊन तो पुन्हा पंचशील घेतो, तेही चांगलेच. पण रोज पिणाऱ्याच्या शरीराला शपथ कळत नाही. दारू एकाएकी तुटली की पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना नसलेली माणसे दिसतात, ते बरळतात. ती बाहेरची बाधा नव्हे. अंगारे-धुपारे करत बसलात तर जीव जाईल. त्याला घरात कोंडू नका, हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात न्या. १४४४६ या सरकारी नंबरवर फोन फुकट लागतो.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. तिथे बरे झालेल्यांपैकी काहीजण पुढे तिथेच समुपदेशक झाले. आपला भाऊ पुन्हा घसरला तरी टोमणे न मारता पुन्हा दवाखान्यात न्या. आणि तोवर गाडीची चावी वहिनीकडे राहू द्या.