गावाकडची निवृत्ती – भाग ९ : व्हीलचेअर आणि गाडी

मागच्या आठवड्यात आपण घराचा उंबरठा आणि न्हाणीघर पाहिलं. आता अंगणाबाहेर पडू. अमेरिकेत किंवा आखातात नोकरी करून फुलसावंगीसारख्या गावी परतणाऱ्या जोडप्यात एकजण व्हीलचेअरवर असेल, तर गाडीची निवड घराइतकीच महत्त्वाची. तज्ज्ञ डॉक्टरांसाठी यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नांदेड गाठावं लागतं. महागाववरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ दोन्हीकडे नेतो. खरी कसोटी लागते ती त्या महामार्गापर्यंत पोचताना, त्यातही काळ्या मातीच्या पावसाळ्यात.

अमेरिकेत टोयोटा सिएना किंवा क्रायस्लर पॅसिफिका घेऊन तिचा तळ खाली उतरवून मिळतो. बटण दाबलं की दार सरकतं आणि रॅम्प बाहेर येतो. जपानमध्ये टोयोटा ‘वेलकॅब’ या नावाने अशा गाड्या कारखान्यातूनच देते. ज्यांनी ही सोय अनुभवली, त्यांना इथेही तीच हवी असते. माझं मत स्पष्ट आहे : हा हट्ट सोडावा. अमेरिकेतली गाडी डाव्या स्टिअरिंगची, आणि खाली उतरवलेला तळ आपल्याकडच्या पहिल्याच गतिरोधकावर घासणार.

गाड्यांची माहितीपत्रकं उघडण्याआधी एक प्रश्न सोडवा. माणूस, थोडा आधार दिला तर, खुर्चीतून उठून गाडीच्या सीटवर सरकू शकतो का?

सरकू शकत असेल, तर साधीच गाडी पुरते. इथे बहुतेक घरांत एकच चूक होते : रस्ते खराब म्हणून मोठी, उंच एसयूव्ही घेतली जाते. व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण ५० सेंटीमीटरवर असते. सीट त्याहून वीत-दीड वीत वर असली, तर प्रत्येक वेळी माणसाला उचलावंच लागतं. खुर्चीवरून गाडीत सरकताना चढ नको. म्हणून शोरूममध्ये टेप घेऊन जा. खुर्चीवर रोजची उशी ठेवून दोन्ही उंची मोजा. दार किती उघडतं, सीट मागे किती जाते, आणि पाय आत घेताना गुडघा डॅशबोर्डला लागतो का, हे त्या माणसाला प्रत्यक्ष बसवूनच कळतं. २०२५ च्या अखेरीस मारुती सुझुकीने वॅगन आरसाठी बाहेर वळणाऱ्या सीटचा पर्याय आणला आहे. तो आवर्जून बघा.

घडी केलेली खुर्ची कुठे ठेवणार, हेही आधीच बघा. सीएनजी गाडीत डिकी बहुधा टाकीच अडवते. टाटांनी २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवल्या, त्यामुळे डिकी वाचली.

माणूस खुर्चीतून हलूच शकत नसेल, तर ईको किंवा फोर्स ट्रॅव्हलरसारखी गाडी घेऊन मागून रॅम्प लावावा लागतो. हिशेब करा. गाडीचा तळ ५० सेंटीमीटर उंच धरला, तर इमारतींसाठीच्या एकास बारा या उताराने सहा मीटरचा रॅम्प लागेल. तो कुणी बाळगत नाही. एकास सहा उताराने तीन मीटर पुरतात, पण खुर्चीसह ८० किलोचं वजन वर चढवताना मागच्याला सुमारे १३ किलोचा जोर सतत लावावा लागतो. उतरताना तोच भार अंगावर येतो. म्हणून उतरवताना खुर्ची नेहमी पाठमोरी घ्यावी.

रॅम्प गावातला वेल्डर उत्तम करून देईल. खुर्ची बांधण्याचे हूक मात्र त्याच्याकडून करून घेऊ नका. तळाच्या पातळ पत्र्यावर नुसता नट आवळला, तर जोराच्या धक्क्याने तो पत्रा फाडून बाहेर येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये फुलसावंगीने एक तरुण कारागीर गमावला, स्वतः घडवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना. त्या हातांत कौशल्य भरपूर होतं. चाचणीची सुरक्षित यंत्रणा गावात कुठून येणार? ज्या कामावर जीव टांगलेला आहे, ते तपासून प्रमाणित झालेलंच बसवा. खुर्चीचं तोंड पुढे असावं, चार कोपऱ्यांना चार पट्टे हवेत आणि माणसाला खांद्यावरून येणारा वेगळा पट्टा हवा. खुर्चीच्या ब्रेकवर भिस्त ठेवू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी बदल केलेल्या गाडीला स्वतंत्र व्याख्या दिली. बदलाला यवतमाळच्या आरटीओची मंजुरी घ्या, आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

आणि पैसे भरण्याआधी गाडी स्वतःच्या अंगणात मागवा. शोरूममधला तरणाबांड सेल्समन खुर्ची सहज वर चढवून दाखवतो. रोज मात्र ती चढवणार असते सत्तरीला आलेली पत्नी, साडी सावरत, कधी पावसात. रॅम्प तिने उघडावा, पट्टे तिने आवळावेत. तिला जमलं नाही, तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.