बालछळ-प्रतिबंधक प्रशिक्षण

शाळा, अंगणवाडी, पाळणाघर, आश्रमशाळा, वसतिगृह इ. ठिकाणी मुलांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या व्यक्तींना बालछळ टाळण्याचे, त्याची चिन्हे ओळखण्याचे व तो योग्य यंत्रणेस कळविण्याचे जे पद्धतशीर शिक्षण दिले जाते, त्यास बालछळ-प्रतिबंधक प्रशिक्षण म्हणतात. शारीरिक छळ, मानसिक छळ, लैंगिक छळ व हेळसांड असे बालछळाचे चार प्रकार सामान्यतः मानले जातात. छळ करणारी व्यक्ती बहुधा मुलाच्या परिचयातील असते. ती घरातील वा संस्थेतीलही असू शकते. घराबाहेर मुलास रोज पाहणारी प्रौढ व्यक्ती म्हणजे शिक्षक किंवा सेविका. त्यामुळे छळ प्रथम लक्षात येण्याचा संभव त्यांच्याच बाबतीत अधिक असतो.

पॅरिसचे न्यायवैद्यक तज्ञ आंब्र्‌वाझ तार्द्य (१८१८–७९) यांनी १८६० मध्ये मुलांवरील क्रौर्याच्या प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परंतु त्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. अमेरिकेत जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये अर्भकांच्या लांब हाडांचे अस्थिभंग व कवटीतील रक्तस्राव एकत्र आढळतात, हे क्ष-किरण चित्रांवरून दाखविले. १९६२ मध्ये सी. हेन्री केंप व त्यांचे सहकारी यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणसमूहाचे वर्णन केले. त्यानंतर पाच वर्षांत अमेरिकेच्या सर्व घटक राज्यांनी छळाची खबर देणे बंधनकारक करणारे कायदे केले. प्रारंभी मुख्यतः डॉक्टरांवर असलेले हे बंधन पुढे शिक्षकांवरही आले आणि त्यातूनच अशा प्रशिक्षणाची गरज निर्माण झाली.

भारतात केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांचा समावेश होता. त्यांपैकी सु. ६९ टक्के मुलांनी शारीरिक, तर सु. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. मुलींइतकेच मुलगेही त्यास बळी पडतात, हे या पाहणीने स्पष्ट केले.

चिन्हे : खेळताना पडलेल्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कोपर, कपाळ अशा हाडाजवळच्या भागांवर वळ वा खरचटे आढळतात, कान, मान, पोट, पाठ व मांड्या यांवरील वळ अधिक संशयास्पद ठरतात. पट्ट्याच्या आकाराचे वळ, विडी-सिगारेटचे गोल चटके, तसेच सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी इजा यांची नोंद घ्यावी लागते. सतत भूक, मळके कपडे व उपचारांवाचून राहिलेले आजार ही हेळसांडीची लक्षणे होत. पूर्वी सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, विशिष्ट व्यक्तीची भीती, घरी जाण्याची टाळाटाळ व वयाला न साजेसे लैंगिक ज्ञान हे वर्तनातील बदल महत्त्वाचे आहेत. यांतील कोणतेही एक चिन्ह छळाचा पुरावा नव्हे. अनेक चिन्हांचा मेळ व त्यांची पुनरावृत्ती यांस अर्थ असतो.

मुलाशी संवाद : मूल बोलू लागल्यास त्याचे शांतपणे ऐकावे. ‘काय झाले ते सांग’ असा मोकळा प्रश्न विचारावा. ‘अमक्याने मारले का?’ असे उत्तर सुचविणारे प्रश्न टाळावेत. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत. संशयित व्यक्तीस जाब विचारणे किंवा मुलाची वारंवार तपासणी करणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

कायदा : लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अठरा वर्षांखालील मुलावर असा गुन्हा घडल्याची माहिती असणाऱ्या किंवा तो घडण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकास वा स्थानिक पोलिसांस खबर दिली पाहिजे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत व हाताखालील व्यक्तीचा गुन्हा लपविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. सद्‌भावनेने खबर देणाऱ्यास संरक्षण आहे. २०२० च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांतील कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व नियतकालिक प्रशिक्षण आवश्यक केले. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात, माहिती असूनही खबर न दिल्याचा आरोप त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर होता. त्याच्यावरील कारवाई मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी फिरविला आणि अशी माहिती दडविणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले.

मर्यादा : संस्थेची बदनामी, पालकांचा रोष व नोकरीची भीती यांमुळे जाणकार शिक्षकही मौन पाळतात. म्हणून केवळ शिक्षकांना एखादे व्याख्यान देऊन भागत नाही. शिपाई, बसमधील मदतनीस, स्वयंपाकी व संस्थाचालक या सर्वांचा प्रशिक्षणात समावेश करावा लागतो. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. जेथे छडी वापरली जाते, तेथे मूल आपल्या दुःखाची गोष्ट शिक्षकास सांगण्यास धजत नाही. त्यामुळे शिक्षकाने स्वतःचे वर्तन तपासणे ही या प्रशिक्षणाची पहिली पायरी होय.