ट्रॉलरवरची कॉफी
१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपली की गोव्याचे ट्रॉलर पुन्हा दर्यावर निघतात. रात्री सुकाणू धरणाऱ्या तांडेलास कॉफी ही चैन नव्हे, जागे राहण्याचे साधन होय. परंतु १००० वॅटचे विजेचे यंत्र १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. काचेचे भांडे लाटेच्या हिसक्यासरशी फुटते. आमच्या मते स्टेनलेस स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टरच श्रेयस्कर. त्याला केवळ उकळते पाणी पुरते. शेगडीला मात्र कठडा हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. गळल्यास तो होडीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने अनर्थ घडतो. म्हणून पाणी उकळताच सिलिंडर बंद करावा. घोटभर कॉफीसाठी माणसांचे जीव पणाला लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.