सिव्हिलमधले तीन महिने

ऑपरेशन ठरले आणि संमतिपत्र पुढे आले की नातेवाईक हमखास विचारतात, ‘मोठे डॉक्टरच करणार ना, की शिकाऊ?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे योग्य उत्तर ‘दोघे मिळून’ असे असायला हवे. ज्यांना लोक शिकाऊ म्हणतात, ते निवासी डॉक्टर एमबीबीएस आणि इंटर्नशिप पूर्ण करून नीट-पीजीच्या परीक्षेतून आलेले असतात. शल्यचिकित्सेतली एमएस ही पदवी घ्यायला त्यांना पुढे तीन वर्षे रुग्णालयात काढावी लागतात. ‘निवासी’ हा शब्द अक्षरशः घ्यायचा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली, तेव्हा शिकणारा सर्जन रुग्णालयातच राहत असे. आजही वॉर्डाशेजारच्या ड्युटीरूममधली खाट हाच त्याचा पत्ता असतो.

ही तीन वर्षे पूर्वी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातच जात. २०२०च्या अधिसूचनेने जिल्हा निवासी कार्यक्रम आला. आता तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. विद्यावेतन चालू राहते, शिकवणारे आणि वातावरण मात्र बदलते. जालन्यात तर २०२४ मध्ये स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे ज्या गावाला आजवर अवघड रुग्ण साठेक किलोमीटरवरच्या ‘घाटी’त पाठवायची सवय होती, तिथेच आता डॉक्टर घडवायचे आहेत.

मोठ्या रुग्णालयात पोटाचे, मूत्रमार्गाचे, रक्तवाहिन्यांचे, भाजलेल्यांचे विभाग वेगवेगळे असतात. सिव्हिलमध्ये रुग्ण अशी वर्गवारी करून येत नाही. कडबाकुट्टीत बोटे गेलेला शेतकरी, मळणीयंत्रात ओढणी अडकलेली बाई, रोलिंग मिलमध्ये भाजलेला परप्रांतीय कामगार, समृद्धी महामार्गावरचा अपघात, मधुमेहाने काळा पडलेला पाय आणि ‘आठ दिवसांपासून पोट दुखतंय’ म्हणणारी आजी, सगळे एकाच दारातून येतात. शिवाय हर्निया, अंडवृद्धी, अपेंडिक्स, गळवे ही रोजची कामे आहेतच. महाविद्यालयात निवासी डॉक्टरांची रांग असते आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बरेचदा दुर्बिणीचा कॅमेरा धरणे येते. इथे त्याच्या हातात सुरी येते.

पण खरे शिक्षण सुरी हातात येण्याआधीचे असते. रात्री दोन वाजता मंठ्याहून किंवा घनसावंगीहून चाळिशीतला मजूर येतो. संध्याकाळी पोटात सुरा खुपसल्यासारखी कळ आली, आता पोट फळीसारखे कडक आहे. खोदून विचारले की कळते, कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज चालू आहेत, सोबतीला तंबाखू. उभे करून काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाखाली हवेची काळी चंद्रकोर दिसते. जठरालगतच्या आतड्याच्या व्रणाला छिद्र पडले आहे.

नवखा डॉक्टर लगेच ओटीकडे धावतो. अनुभवी सर्जन त्याला थांबवतो. रुग्णाच्या शरीरातले पाणी पोटात झिरपले आहे, नाडी १३० आहे, लघवी थांबली आहे. अशा स्थितीत भूल दिली तर रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून आधी सलाइन, प्रतिजैविके, नाकातून नळी, लघवीची नळी. नळीत लघवी दिसू लागली, नाडी खाली आली की मग टेबल. फार थांबलो तर जंतू रक्तात पसरतात, फार घाई केली तर रुग्ण टेबलावर हातचा जातो. हा मधला तास-दीड तास ओळखायला पुस्तकातून येत नाही, पलंगाशेजारी उभे राहून येतो.

पोट उघडल्यावर छिद्र बहुधा काही मिलिमीटरचेच निघते. आतड्यांवर पडद्यासारखा पसरलेला चरबीचा पदर त्यावर आणून तीन-चार टाक्यांनी बसवायचा. टोरांटोचे सर्जन रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही चालते. सुजलेले आतडे मात्र ओल्या कागदासारखे असते. गाठ जास्त आवळली तर टाका आतडे कापून बाहेर येतो, सैल राहिली तर गळती होते. किती आवळायची हे वरिष्ठ सांगू शकत नाही. तो समोर उभा राहून ‘बस, इथेच’ एवढेच म्हणतो.

२०१५च्या लॅन्सेट आयोगाने शल्यसेवा मोजण्यासाठी तीन शस्त्रक्रिया निवडल्या: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगाचा उपचार. या तिन्ही ज्या रुग्णालयात होतात, तिथे बाकीचीही बरीच कामे होतात आणि असे रुग्णालय दोन तासांच्या आत गाठता यावे, अशी अपेक्षा आहे. मंठ्याच्या मजुराला घाटीच गाठायची असेल तर अंतर शंभर किलोमीटरच्या वर जाते.

म्हणूनच ‘रेफर’ हा शब्द या तीन महिन्यांतला सर्वांत अवघड धडा ठरतो. डोक्याला मार लागून शुद्ध हरपत चाललेल्याला न्यूरोसर्जन लागतो, त्याला अडवून ठेवणे गुन्हाच. पण रात्री भूलतज्ज्ञ नाही किंवा रक्त नाही म्हणून छिद्र पडलेले पोट १०८मध्ये घालून पाठवणे वेगळे. पाठवायचेच असेल तर सलाइन चालू करून, नळ्या टाकून, पुढच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून पाठवावे. केसपेपरवर नुसते ‘हायर सेंटर’ लिहिणे म्हणजे जबाबदारी गाडीत बसवून देणे.

इथे एक दुखणे स्पष्ट सांगायला हवे. सरकारी रुग्णालयांत जागा रिक्त राहतात आणि निवासी डॉक्टर आला की तो आपसूक रिकाम्या खुर्चीवर बसवला जातो. वरिष्ठ घरी, शिकाऊ एकटा. त्याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. केंद्राच्या १९९२च्या निवासी योजनेत सलग काम सहसा बारा तासांपेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे, पण ड्युटी छत्तीस तासांवर जाणे कुणाला नवे वाटत नाही. नातेवाइकांनी ‘शिकाऊ आहे का’ याऐवजी ‘साहेब ओटीत असतील ना’ असे विचारले तर उत्तम. तो त्यांचा हक्क आहे आणि निवासी डॉक्टरच्याही फायद्याचा आहे.

कमी साधनांत काम करणे म्हणजे कमी प्रतीचे काम, हा समज जिल्ह्यात येऊन गळून पडावा. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेली मच्छरदाणीची जाळी वापरली आणि २००३ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे २०१६ मध्ये युगांडातल्या चाचणीतही स्वस्त जाळीचे निकाल महाग जाळीच्या तोडीचे निघाले. अर्थात कुठलीही मच्छरदाणी कापून चालत नाही. जाळीची जात आणि निर्जंतुकीकरण दोन्ही नेमके लागते.

आणि भाषा. पीजीच्या निम्म्या जागा देशभरातून भरल्या जातात, त्यामुळे तमिळनाडू किंवा राजस्थानातला डॉक्टर जालन्यात उभा असतो. पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशी त्याला दोन प्रश्न पाठ करून देतात: ‘वारं सरलं का?’ आणि ‘परसाकडं झाली का?’ पोटाच्या ऑपरेशननंतर पहिल्या प्रश्नाला ‘हो’ आले, पोट मऊ असले की नाकातली नळी काढायचा विचार होतो. मग घोट घोट पाणी, त्यानंतर चहा. तोवर नातेवाईक बाहेर बिस्किटाचा पुडा घेऊन थांबलेलेच असतात.